गालिच्याखालचे अकरा जण

डल्सी हॅलेट कुजबुजते. दुकानात बटाटे मागताना कुजबुजते, डॉक्टरला गुडघा दाखवताना कुजबुजते, आणि कबुतरं कोबीवर उतरली तर त्यांनाही कुजबुजूनच उठवते, "उठा बरं, उठा, ही तुमची जागा नव्हे." कबुतरं अर्थातच उठत नाहीत. सव्वीस वर्षं तिने गावातल्या पॅलेस टॉकीजमध्ये टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवल्या आणि मध्यंतरात गळ्यात ट्रे अडकवून आइस्क्रीम विकलं. पुढे टॉकीज बंद पडलं, पण तिचा आवाज काही अंधारातून बाहेर आला नाही.

टॉकीजमधून तिने दोन वस्तू आणल्या. एक तो पट्ट्याचा ट्रे, ज्यात ती आता टोमॅटोची रोपं ठेवते. दुसरी म्हणजे खुर्च्यांच्या मधल्या वाटेवरचा लाल गालिचा, सोनेरी पानांच्या नक्षीचा आणि ओला झाला की म्हशीएवढा जड. तो तिने भाजीच्या वाफ्यावर अंथरला.

यात वेडेपणा काही नाही. गावाबाहेर ओढ्याच्या उतारावर कौन्सिलची जमीन आहे, बावीस तुकडे पाडून भाजीसाठी भाड्याने दिलेली. तेरा नंबर लेबर्टचा, चौदा डल्सीचा, पंधरा माझ्या आईचा. जो वाफा वर्षभर मोकळा ठेवायचा त्याच्यावर जुना गालिचा टाकायचा, ही इथली जुनी रीत. खाली तण मरतं आणि पुढच्या मार्चमध्ये माती लोण्यासारखी निघते. ज्याच्या घरी नवा गालिचा येई त्याचा जुना इथे येई. एके काळी या उतारावरून एक चक्कर मारली की सगळ्या गावाच्या बैठकीच्या खोल्या पाहून व्हायच्या.

मग मिस्टर गलिक तुकडेवाल्यांच्या कमिटीचे अध्यक्ष झाले.

मिस्टर गलिकना दोन सवयी आहेत. कुणाला काही लागेलसं बोलायचं असलं की ते आधी म्हणतात, "मी वैयक्तिक घेत नाही, पण," आणि बोलून झालं की एकदा नाक ओढतात. हातात कायम एक काठी, ती आधाराला नाही, ढोसायला. जुलैच्या सभेत ते उभे राहिले. "मी वैयक्तिक घेत नाही, पण गालिच्यांचा रंग मातीत उतरतो. हिवाळ्याआधी सगळे गालिचे निघाले पाहिजेत. आणि प्रत्येक तुकड्यावर एक कोपरा प्राण्यांसाठी. लाकडं, विटा, पालापाचोळा. बेडूक, काटेरी हेजहॉग, जे येतील ते आत सुखाने झोपले पाहिजेत." सूंऽऽ.

ऑगस्टअखेर एकवीस तुकड्यांवरचे गालिचे निघाले. चौदा नंबरवरचा निघाला नाही.

डल्सीकडे कारणं भरपूर होती. आधी पाऊस, मग पाठ, मग गुडघा. सप्टेंबरअखेर कमिटीचं पत्र आलं. अठ्ठावीस दिवसांत गालिचा काढून कोपरा केला नाही, तर तुकडा परत घेण्यात येईल. मुदत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपणार होती. सकाळी दहाला तपासणी. नवीन तुकडा मिळावा म्हणून त्रेचाळीस माणसं रांगेत नाव लावून बसलेली, त्यामुळे कमिटी बोलते ते करते. मागच्या वर्षी सहा नंबरच्या माणसाला त्याची कांद्यासारखी उभी लीकची रोपंसुद्धा उपटून न्यावी लागली होती.

"हट्टी आहे," आई म्हणाली.

"तिला वाटतं, अजून तिच्याच टॉकीजचं राज्य आहे," सतरा नंबरवाली म्हणाली.

खरं कारण एकट्या डल्सीला ठाऊक होतं, आणि ते गालिच्याखाली होतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती गालिच्याच्या कडेची वीट सरकवायला वाकली, आणि अंगठ्याएवढं जाड, पितळी रंगाचं काहीतरी तिच्या बुटाशेजारून निघालं. ते घाईत नव्हतं. आपल्याच घरी चालल्यासारखं ते कडेखाली शिरलं. जाताना शेपूट दिसत राहिली, दिसत राहिली, आणि मग दिसली नाही.

नऊ वर्षांची असताना डल्सी कुत्र्याला घेऊन टेकडीवर गेली होती. या देशात विषारी साप एकच, ॲडर, पाठीवर नागमोडी पट्ट्याचा. तो उन्हात पडलेला, आणि कुत्र्याने त्याला हुंगलं. घरी पोचेपर्यंत कुत्र्याचं तोंड पावासारखं फुगलं होतं, आणि फाटकाशी आल्यावर कुत्रं तिच्या हातातच गेलं. तेव्हापासून डल्सी अवजारांच्या खोपट्यात शिरण्याआधी दारावर तीन टकटक करते. आम्हाला वाटायचं, सभ्यपणा.

नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. टॉकीज त्याच्याही आधी गेलेलं. सकाळी उठून कोट चढवून जावं अशी तिला आता एकच जागा उरली होती, आणि त्या जागेच्या बरोबर मध्ये, लाल गालिच्याखाली, तिच्या मते ॲडर झोपला होता.

शनिवारी तिने लेबर्टला सांगितलं. लेबर्ट जमैकाचा. चाळीस वर्षं त्याने या खोऱ्यात बस चालवली. तो बायकांना नावापुढे 'मिस' लावूनच हाक मारतो, आणि बसमधल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलतो. त्याने आठवडाभर खपून तिच्या तुकड्याच्या टोकाला प्राण्यांचा कोपरा रचून दिला होता. खाली विटांचे कप्पे, त्यावर जुने ओंडके, फुटक्या कुंड्या, वर ढीगभर पानं. डल्सी त्याच्या जवळ फिरकत नव्हती.

"मिस डल्सी, आता खरं सांगा. गुडघाच दुखतोय की दुसरंच काही?"

"गुडघा."

"मागच्या आठवड्यात पाठ होती."

"ती खाली उतरली."

"उद्या दहाला ते लोक येतील आणि तुमची जागा काढून घेतील. त्यांना गुडघा दाखवणार?"

डल्सीने इकडेतिकडे पाहिलं. मग खेळ सुरू असताना बोलतात तसं ती त्याच्या कानाशी म्हणाली, "गालिच्याखाली कोणीतरी आहे."

"कोण? मिस्टर गलिक?"

"साप."

लेबर्ट इतका हसला की चार तुकडे लांब कुणीतरी डोकं वर काढलं. "साप! अहो, लहानपणी आमच्याकडे मी साप शेपटीला धरून शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचो. साप फार सभ्य प्राणी. फक्त त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बसू नका. हराल. त्याला पापण्याच नसतात, तो डोळे मिटतच नाही."

"चेष्टा नको, लेबर्ट. मी नाही उचलणार."

"तुम्ही एक टोक धरा, मी दुसरं धरतो. साप माझ्या वाटणीचा. उद्या दहाला. आणि हे बघा, आज झोपताना घड्याळ तेवढं…"

"मला घड्याळ कळतं," डल्सी म्हणाली. "सव्वीस वर्षं तीनचा खेळ मी तीनला सुरू केलाय."

लेबर्टने हात वर केले.

तो काय सांगत होता ते साऱ्या देशाला ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळे उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं एक तास मागे घेतात. डल्सीही दर वर्षी घ्यायची. या वर्षी तिच्या डोक्यात गालिच्याशिवाय काहीच मावत नव्हतं. किल्लीचं मनगटी घड्याळ तिने उशाशी ठेवलं, आणि ते रात्रभर जुन्याच वेळेने चालत राहिलं.

पुढचं सगळं तिच्याच तोंडचं आहे. ती सांगत असते तेव्हा ऐकणाऱ्याला पाय खुर्चीवर घेऊन बसावं लागतं.

ती तुकड्यांच्या फाटकाशी आली तेव्हा तिच्या घड्याळात दहाला दहा कमी होते. ओढ्यातून धुकं वर चढलेलं. तिच्या तुकड्यावरून लेबर्टचं खोपटंही दिसत नव्हतं, त्याच्या भोपळ्याच्या वेलीचा सांगाडा तेवढा दिसत होता. चर्चचे टोले पडले. तिने मोजले नाहीत. मोजायचे कशाला, दहा वाजले होते.

दहा वाजून पाच. दहा वाजून दहा.

"लेबर्ट?" ती कुजबुजली. धुक्याने तेवढंही खाऊन टाकलं.

तिला पहिल्यांदा वाटलं, त्याला उशीर झाला. मग वाटलं, तो हसला खरा, पण घरी जाऊन त्यालाही भीती वाटली. मिस्टर गलिक एक नंबरपासून सुरू करतात. म्हणजे ते खालच्या अंगाला धुक्यात कुठेतरी लोकांच्या वाफ्यांत काठी ढोसत असणार. चौदा नंबरला पोचायला त्यांना अर्धा तास. मग ते म्हणणार, मी वैयक्तिक घेत नाही, पण.

तिने विटा बाजूला केल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक वीट उचलायच्या आधी ती फावड्याने तिला टकटक करी. मग गालिच्याची कड तिने फावड्याच्या पात्यावर उचलली, हातभर, आणि सोडून दिली. ओल्या गालिच्याचा धप्प असा आवाज झाला. ती मागे पळाली, कोबीच्या जाळीत पाय अडकून गुडघ्यावर पडली, आणि तशीच बसून ऐकू लागली. खालून काही आवाज आला नाही. तेच तर वाईट होतं. कुत्रा भुंकतो, मांजर फिसकारतं. याच्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

दहा वाजून पंधरा.

दुसऱ्यांदा तिने डोळे मिटले, कड दोन्ही हातांनी पकडली आणि मागे मागे चालत गेली. गालिचा मातीपासून सुटताना जखमेवरची पट्टी निघावी तसा आवाज करत होता. सोनेरी पानं उलटी होत होती, खालचं काळं रबर वर येत होतं. अर्धा वाफा मोकळा झाला तेव्हा तिने डोळे उघडले.

मातीत एक खळगा होता, सूपभर. त्यात ते होते. एक नव्हे. पितळी, तपकिरी, एक राखाडी, एक बोटाएवढं बारीक आणि सोन्यासारखं. लोकरीचे गुंडे एकत्र गुंतावेत तसे एकमेकांत गुंतलेले, आणि थंडीने इतके मंद की पिळा सुटतोय की घट्ट होतोय ते कळत नव्हतं. पण हलत होता.

डल्सीचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पाय मात्र पळाले. ते तिला थेट फाटकापर्यंत घेऊन गेले. फाटकावर हात ठेवून ती उभी राहिली. इथून घरी जाता येत होतं. चहा करता येत होता. उद्या सकाळी उठून कोट चढवून कुठे जायचं, एवढाच प्रश्न होता.

ती परत आली. येताना फावडं तिने दोन्ही हातांत उभं धरलं होतं, पातं खाली.

सगळ्यात जाड होता तो खळग्याच्या कडेला आला होता. तिने फावडं उचललं. एका घावात होईल, तिने ठरवलं, आणि मग दुसरा, आणि मग दहा. तिने त्याच्या डोक्यावर नजर रोखली, नेम चुकू नये म्हणून. त्यानेही डोकं किंचित वर केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

आणि डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

टॉकीजमध्ये दिवे लागले की मागच्या रांगेत झोपलेला म्हातारा जसा करायचा, अगदी तसं.

फावडं वरच राहिलं. त्याला पापण्याच नसतात, तो डोळे मिटतच नाही, असं लेबर्ट म्हणाला होता. आणि हा तर मिचकावत होता. तिने पाठ पाहिली. नागमोडी पट्टा कुठेच नव्हता, मेण लावून पुसल्यासारखी गुळगुळीत पितळी पाठ. हे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. एवढं कळलं की हा ॲडर नाही. पण भीती काही कमी झाली नाही, सांगताना ती हे दर वेळी मुद्दाम सांगते. "अंगावरचे केस खाली बसायला तयारच नव्हते. साप नसला म्हणून काय, सापासारखा तर होता!"

तिने फावडं हळूच खाली ठेवलं. आता दुसरीच गोष्ट तिला दिसायला लागली. कालच रेडिओने सांगितलं होतं की आज रात्री माती गोठणार. हे उघड्यावर पडले होते. गालिचा परत टाकला तर अर्ध्या तासात मिस्टर गलिकची दोन माणसं तो ओढून काढतील, बुटांनी, खाली न बघता. आणि नाही टाकला तर रात्री थंडी यांना संपवेल. त्यांचं पांघरूण तिनेच काढलं होतं.

टोकाला लेबर्टचा कोपरा होता. विटा, ओंडके, पानं. मधे पंचवीस पावलं.

खोपट्यात जाऊन (तीन टकटक करून) तिने ट्रे आणला, त्यात कुजलेली पानं पसरली आणि पट्टा गळ्यात अडकवला. ट्रे हनुवटीच्या बरोबर खाली आला, आइस्क्रीमच्या वेळी यायचा तसाच. हातमोजे घालून, कुंड्या भरायची पसरट खुरपी तिने त्या जाड्याच्या पोटाखाली सरकवली. तो खुरपीवरून निम्मा लोंबकळला. ती रडत होती, पण हात थांबवता येत नव्हते, कारण थांबला असता तर तो पडला असता.

"चला," ती त्याला कुजबुजून म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना. "पुढे चला. पायरी आहे, सांभाळून. मागच्या रांगेत जागा आहे."

एका फेरीत दोन. हनुवटीखाली काहीतरी थंड सरकतंय, आणि खाली बघायचं नाही. कोपऱ्याशी बसून विटेच्या कप्प्यापाशी ट्रे तिरका करायचा, ते आपापले आत जाईपर्यंत श्वास धरायचा, आणि परत. चौथ्या फेरीला राखाडी रंगाच्याला खुरपी जरा जोरात लागली, आणि त्याची शेपूट तुटली. तो एकीकडे गेला आणि शेपूट एकटीच ट्रेमध्ये तडफडू लागली, उड्या मारू लागली, तिच्या हनुवटीला लागली. डल्सी म्हणते की त्या क्षणी ती मेली, आणि पुढचं काम तिच्या भुताने केलं. तिला वाटलं, आपण त्याला कापलं. तिने राखाडीलाही आत सोडलं, आणि कप्प्याच्या तोंडाशी बसून "माफ कर, माफ कर" म्हणत राहिली, शेपूट शांत होईपर्यंत.

शेवटी ते बारीक सोनेरी उरलं. त्याला तिने ओंजळीतून नेलं. हातमोज्यातून ते लागतही नव्हतं. अकरा झाले. मग कप्प्यांच्या तोंडांवर तिने पानं टाकली, गालिचा गुंडाळून, ढकलून, लाथा मारून वाटेवर नेला, आणि बादली पालथी घालून ढिगासमोर बसली. 

चर्चचे टोले पडले. आता तिने मोजले. दहा. तिने घड्याळ पाहिलं. अकरा.

"चर्चचंही डोकं फिरलं," ती म्हणाली.

"मिस डल्सी!" धुक्यातून बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज आला. "दहाच्या ठोक्याला हजर आहे बघा! चला, तुमच्या त्या…" लेबर्ट थांबला. मोकळा वाफा, वाटेवरचा गालिचा, गळ्यात आइस्क्रीमचा ट्रे घातलेली डल्सी. "हे कुणी केलं?"

"तू एक तास उशिरा आलास," ती म्हणाली. "मी तुला कधी माफ करणार नाही."

लेबर्टने तिचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. मग हळूच काटा मागे फिरवला. हसला नाही. "एकटीने?" एवढंच विचारलं.

साडेदहाला मिस्टर गलिक आले, मागे कमिटीचे दोघे. आई आणि मी तोवर आमच्या तुकड्यावर पोचलो होतो, त्यामुळे इथून पुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं. त्यांनी वाफा पाहिला, गालिचा पाहिला, कागदावर खूण केली. त्यांना किंचित वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"आणि कोपरा?" ते ढिगाकडे वळले. "मी वैयक्तिक घेत नाही, पण बरेच लोक नुसता कचरा रचतात आणि त्याला कोपरा म्हणतात. आत पोकळी असावी लागते. बघू या." सूंऽऽ. त्यांनी काठी उचलली आणि टोक पानांच्या ढिगावर टेकवलं.

"काठी काढ!"

मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. सगळ्या कोबीवरची कबुतरं एकदम उडाली. सतरा नंबरवालीच्या हातून किटली पडली. डल्सी बादलीवरून उठली होती, आणि तिने मिस्टर गलिकची काठी मधोमध धरली होती.

"मिसेस हॅलेट…"

"आत अकरा जण आहेत. एकाला आज माझ्यामुळे लागलंय. आता कुणी ढोसायचं नाही."

मिस्टर गलिकनी काठी तिच्या हातात सोडली, गुडघे टेकले, आणि एका कप्प्याच्या तोंडावरचं पान दोन बोटांनी बाजूला केलं. ते आत पाहत राहिले, नाक ओढायचंही विसरले. मग म्हणाले, "बिनपायांची सापसुरळी. बारा वर्षांत मी इथे एकही पाहिली नाही." त्यांनी पान होतं तिथे परत ठेवलं. "शेपूट तुटली का? ती ते स्वतःच तोडतात, घाबरले की. कापली जात नाही. जगेल तो."

डल्सी पुन्हा बादलीवर बसली. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"सापसुरळी म्हणजे?" लेबर्टने ढिगाजवळ वाकत विचारलं. "साप ना?"

"साप नाही. पालीच्या कुळातली. पाल, सरडा, त्यातलीच."

लेबर्ट इतक्या मागे उडाला की थेट आमच्या लसणीत उतरला. "पाल? मिस डल्सी, पाल? अकरा पाली? अहो, साप म्हणाला होतात ना तुम्ही मला! साप चालतो! पाल म्हणाला असतात तर मी गावातच आलो नसतो!"

"माझ्या वाटणीचा म्हणाला होतास," डल्सी म्हणाली. पुन्हा कुजबुजून.

मिस्टर गलिकनी चौदा नंबरसमोर दुसरीही खूण केली, आणि जाताना काठी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पांढरं झालं होतं, मातीचा दगड झालेला. सातला, नव्या वेळेच्या सातला, मी आईबरोबर पार्सनिपची पांढरी कंदं काढायला गेले तेव्हा डल्सी आधीच आलेली होती. चर्चच्या आवारातून गोळा केलेल्या पानांची गोणी तिच्या काखेत होती. ढिगापासून चार हात लांब उभी राहून, मान मागे खेचून, डोळे अर्धे मिटून, ती मूठमूठ पानं त्याच्यावर भिरकावत होती. प्रत्येक मुठीआधी मिस्टर गलिकच्या काठीने जमिनीवर तीन टकटक.